प्रकल्प नोंदी: निळ्या पट्ट्यांचा कीबोर्ड

२ नोव्हेंबर

जुना ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड आज पूर्ण उघडला. आतलं इलेक्ट्रॉनिक्स ठणठणीत आहे. रबरी संपर्क पुसल्यावर सगळ्या पट्ट्या एकसारख्या वाजतात, मिडीही (कुठली पट्टी दाबली ते दुसऱ्या यंत्राला कळवणारे संकेत) नीट जातं. बाहेरचा डबा मात्र पिवळा पडलेला, कोपरे फुटलेले. डबा नवा करायचाच आहे, म्हणून पट्ट्यांचा रंगही बदलायचा असं ठरवलं आहे.

नोंदींपुरती नावं: आज पांढऱ्या आहेत त्या ३६ पट्ट्या ‘खालच्या’, काळ्या २५ त्या ‘वरच्या’. पुढे रंग बदलले की जुनी नावं चालणार नाहीत.

खाली पांढरं आणि वर काळं हा नियम कुठे कोरलेला नाही. अठराव्या शतकातल्या फ्रेंच हार्पसिकॉर्डवर (पियानोच्या आधीचं, तारा छेडून वाजणारं वाद्य) खालच्या पट्ट्या आबनुशीच्या, काळ्याभोर, आणि वरच्यांच्या माथ्यावर हाडाची पांढरी पट्टी. अँटवर्पच्या रुकर्स घराण्याची सतराव्या शतकातली वाद्यं बरोबर उलट: खाली हाड, वर दलदलीत मुरून काळं झालेलं ओक. इटालियन कारागीर खालच्या पट्ट्यांना पिवळसर बॉक्सवुड वापरत. मोझार्टकडे अँटन वॉल्टरचा जो पियानो होता, त्याच्याही खालच्या पट्ट्या काळ्याच. १९६२ साली आलेल्या व्हॉक्स कॉन्टिनेंटल ऑर्गनने तेच उलटं रूप घेतलं आणि वर नारिंगी-लाल झाकण ठेवलं. दूरच्या प्रेक्षकालाही तो ऑर्गन ओळखू यायचा.

या सगळ्या वाद्यांत एक गोष्ट मात्र कायम आहे. दोन थरांपैकी एक गडद, दुसरा फिकट. कुठला गडद, यावर कारागिरांचं कधी एकमत झालं नाही. पण दोन्ही एकाच उजळपणाचे यांपैकी कोणी केलेले नाहीत.

५ नोव्हेंबर

रंगीत कागदाच्या पट्ट्या कापून कीबोर्डवर चिकटवल्या आणि मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढले. ही तपासणी फार सोपी आहे आणि फार स्पष्ट उत्तर देते. लाल खाली, हिरवं वर: रंगीत फोटोत दणदणीत फरक, कृष्णधवल फोटोत सगळा कीबोर्ड एकच राखाडी ठोकळा. मग तसाच वाजवून पाहिला. झपकन उडी मारताना नजर अडखळते. वाजवणारा वाकून पट्ट्या न्याहाळत नाही. नजरेच्या कडेने वरच्या पट्ट्यांचे दोन आणि तीनचे गट टिपतो आणि हात तिकडे जातो. नजरेची कड रंग कमी ओळखते, उजेड-अंधार चांगला ओळखते.

म्हणजे मोकळीक रंगछटेत आहे, उजळपणातल्या फरकात नाही. हा या प्रकल्पाचा पहिला नियम.

त्याच ओघात ‘प्रत्येक स्वराला वेगळा रंग’ हा पर्याय बाद केला. कल्पना जुनी आहे आणि मोहकही. रशियन संगीतकार स्क्रियाबिनने १९१० मध्ये पुऱ्या केलेल्या ‘प्रोमिथियस’ या वाद्यवृंदरचनेत प्रकाशाच्या कीबोर्डसाठी स्वतंत्र ओळ लिहिली, त्याच्या मांडणीत सी हा स्वर लाल, डी पिवळा, ए हिरवा. पण पिवळा जात्याच उजळ, निळा जात्याच गडद. सात रंग ओळीने लावले की खालच्या पट्ट्यांचा उजळपणा वरखाली होतो, आणि वरच्या पट्ट्या कुठल्याही रंगाच्या ठेवल्या तरी त्या काही शेजाऱ्यांत मिसळतात. मुलांना शिकवताना हे चालतं, कारण तिथे एक एक स्वर शोधायचा असतो.

हार्पची सोय मला जास्त पटते. तिथे फक्त सीच्या तारा लाल आणि एफच्या काळ्या किंवा निळ्या; बाकी सगळ्या साध्या. वादकाला दोन खुणा पुरतात. रंग मोजका असला की तो काहीतरी सांगतो.

८ नोव्हेंबर

दिव्यांची तपासणी. मंचावर दिवे रंगीत असतात आणि रंगीत दिव्याखाली रंग पार बदलतात, हे माहीत होतं. पण स्वतःच्या नमुन्यांवर पाहणं वेगळं. खोली अंधारी करून लाल, निळा, हिरवा असे दिवे पाळीपाळीने लावले.

लाल खालच्या पट्ट्या आणि पांढऱ्या वरच्या: दिवसा देखण्या. लाल दिव्यात दोन्ही सारख्याच उजळ, गट नाहीसे. हा जोड बाद.

गडद निळ्या खालच्या, हळदी-पिवळ्या वरच्या: माझा लाडका जोड होता हा. दिवसा याच्याइतकं देखणं काही नाही. निळ्या दिव्यात मात्र पिवळा रंग येणारा निळा प्रकाश गिळतो आणि काळपट होतो, तर निळी पट्टी उजळते. दोघे मधे कुठेतरी भेटतात. परस्परविरोधी रंग दिवसा जितके उठून दिसतात, तितकेच एका रंगाच्या दिव्याखाली दगा देतात.

शेवटी टिकला तो जोड असा: खाली गडद इंडिगो, जवळजवळ रात्रीच्या निळ्याकडे झुकणारा, वर मोतिया, म्हणजे पिवळेपणा अगदी कमी असलेला पांढरा. मोतिया सगळे प्रकाश बऱ्यापैकी परत पाठवतो, म्हणून कुठल्याही दिव्यात तोच उजळ राहतो. निळ्या दिव्यात इंडिगो थोडा वर येतो, पण अंतर पुरेसं उरतं. पिवळा सोडताना वाईट वाटलं.

११ नोव्हेंबर

आजचा विचार डाव्या हाताचा. मी या कीबोर्डवर सगळ्यात खालचं सप्तक बास आवाजासाठी वेगळं करून वाजवतो. हद्द कुठे आहे हे आत्तापर्यंत टेपच्या तुकड्याने दाखवत होतो. रंगच ते काम करू शकेल.

याची उत्तम उदाहरणं आहेत. हॅमंड बी-३ ऑर्गनच्या दोन्ही कीबोर्डांच्या डाव्या टोकाला उलट्या रंगांच्या बारा पट्ट्या असतात; त्या स्वर वाजवत नाहीत, आवाजाची जुळणी निवडतात. रंग उलटा केल्यामुळे हात चुकून तिकडे जात नाही. फारफिसाच्या काही कॉम्बो (बँडसाठीच्या सुटसुटीत) ऑर्गनवर बासचं सप्तक उलट्या रंगात असे, आणि माझी गरज नेमकी तीच आहे. बोझेनडॉर्फर इंपीरियल पियानोला ८८ ऐवजी ९७ पट्ट्या आहेत. तळाच्या जादा पट्ट्या सगळ्याच काळ्या, म्हणजे नेहमीच्या पियानोवर घडलेल्या नजरेला कीबोर्डचं टोक कुठे ते पटकन कळावं. तिन्ही ठिकाणी रंगाला अर्थ आहे, आणि तो लिहून दाखवावा लागत नाही.

मी पूर्ण उलटं करणार नाही. त्याऐवजी तळाच्या सप्तकातल्या सात खालच्या पट्ट्या वेगळ्या छटेच्या, पण तितक्याच गडद: काळपट मरून. वरच्या पट्ट्या सगळीकडे मोतियाच. म्हणजे दोन-तीनचे गट या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड, आणि बासची हद्द रंगछटेत. उजळपणा हाताला वाट दाखवेल आणि छटा प्रदेश दाखवेल.

कागदावर हे बरोबर दिसतं आहे. आज मनापासून आनंद झाला.

१६ नोव्हेंबर

रंगवायचं की रंगात बुडवायचं?

रंग फवारून चालेल का हे आधी पाहिलं. प्रायमर, रंग आणि वरचा पारदर्शक थर मिळून प्रत्येक बाजूला साधारण ०.१ ते ०.१५ मिलिमीटर जाडी येते. दोन पट्ट्यांमधली फट जेमतेम १ मिलिमीटर असते. घासणार नाहीत, पण फट डोळ्याला लहान दिसते. खरी अडचण झिजेची. बोटं पट्टीच्या पुढच्या कडेवर रोज आपटतात, नखं लागतात, घाम येतो. कडेवर रंगाचा थर सगळ्यात पातळ असतो आणि मार सगळ्यात जास्त. थर उडाला की खालचा पांढरा ठिपका गडद पट्टीवर लगेच डोळ्यात भरतो. गिटारच्या अंगावर अशी झीज अनेकांना प्रिय असते, पट्टीवर ती बोटाला खरखरीत लागते.

डिस्पर्स डाय वेगळं काम करतो. पॉलिस्टर कापडासाठी वापरतात तोच. त्याचे रेणू लहान असतात आणि पाण्यात नीट विरघळत नाहीत. गरम पाण्यात प्लॅस्टिक किंचित सैल झालं की ते पृष्ठभागातून आत शिरतात आणि तिथेच अडकतात. रंग प्लॅस्टिकचाच होतो. जाडी वाढत नाही, पोत बदलत नाही, थर नाही म्हणून सालही निघत नाही.

मर्यादा एकच, पण मोठी: डाय फक्त गडद करतो. पांढऱ्याचं निळं होतं, काळ्याचं मोतिया होत नाही. म्हणजे वरच्या पट्ट्यांसाठी वेगळा उपाय लागणार.

पट्ट्यांच्या पोटाशी ‘एबीएस’ असा शिक्का आहे, तेव्हा प्लॅस्टिकची शंका मिटली. एबीएस साधारण १०५ अंश सेल्सिअसला मऊ पडतं, आणि पातळ भिंती भाराखाली त्याआधीच वाकतात. पट्टीला मागे बिजागरीचा पातळ भाग आहे. तो वाकला तर पट्टी कायमची तिरकी. म्हणून ८० अंशांच्या वर जायचं नाही.

एका फुटक्या जादा पट्टीचे तुकडे करून नमुने काढले. इंडिगो आणि मरून, दोन्ही सुरेख उतरले.

१७ नोव्हेंबर

नमुन्यांवर अर्ध्या भागात अॅल्युमिनियमची फॉइल गुंडाळून ते उन्हाच्या खिडकीत ठेवले. आता थांबायचं.

२२ नोव्हेंबर

तयारीचा दिवस. सगळ्या खालच्या पट्ट्या काढल्या, स्प्रिंगा वेगळ्या केल्या, प्रत्येकीच्या पोटावर कोरून क्रमांक घातला. शाई डायमध्ये उतरेल, कोरलेलं राहतं. क्रमांक आवश्यक आहे, कारण सी, डी, ई यांच्या खाचा वेगवेगळ्या असतात.

ग्रीस पुसणं हे सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं. आधी भांडी घासायच्या साबणाने, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने. बोटाचा तेलकट ठसा राहिला तर डाय तिथे कमी शिरतो आणि तो ठसा कायमचा छापला जातो. यापुढे हातमोजे.

धुतल्यावर जुनेपणा स्पष्ट दिसला. माथा पिवळट, शेजारच्या पट्टीआड लपलेल्या बाजू अजून पांढऱ्या. अतिनील किरण आणि प्लॅस्टिकमधली रसायनं यांमुळे जुनं एबीएस असं पिवळं पडतं. हायड्रोजन पेरॉक्साइडने ते बरंचसं उजळता येतं, आणि फिकट आकाशी किंवा अबोली पट्ट्या करायच्या असत्या तर ते करावंच लागलं असतं. पिवळ्यावर आकाशी चढवलं की हिरवट छटा येते. गडद इंडिगोखाली मात्र हा फरक बुडून जातो. गडद रंग निवडण्याचा हा आणखी एक फायदा.

२३ नोव्हेंबर

इंडिगोचा दिवस.

२९ पट्ट्या एकाच वेळी एकाच भांड्यात. यावर तडजोड नाही: दोन घाण्यांत केल्या तर दुसऱ्या वेळी पाण्यातला डाय कमी झालेला असतो आणि छटा बदलते. सगळ्या पट्ट्या बिजागरीच्या भोकातून स्टीलच्या तारेत ओवल्या, प्रत्येकीमध्ये मणी घातला, म्हणजे एकमेकींना चिकटणार नाहीत. भांडं स्टीलचं आणि आता फक्त याच कामाचं. त्यात पुन्हा कधी स्वयंपाक करायचा नाही. खिडक्या उघड्या, वास तीव्र असतो.

पाणी ७५ अंशांवर स्थिर केलं, डाय नीट ढवळून गाळून घेतला. गाळणं महत्त्वाचं आहे. न मिसळलेला कण पट्टीवर बसला तर तिथे गडद ठिपका पडतो. मग माळ आत सोडली आणि सतत हलवत राहिलो.

पहिल्या काही मिनिटांत आकाशी. मग निळा. मग बराच वेळ काहीच बदलत नाही असं वाटतं, आणि नमुन्याशेजारी धरल्यावर कळतं की खोली वाढते आहे. ओलसर पट्टी नेहमी जास्त गडद दिसते, म्हणून दर वेळी एक पट्टी काढून, थंड पाण्यात बुचकळून, पुसून, मगच नमुन्याशी ताडून पाहत होतो. साधारण पाऊण तासाने हवा तो निळा मिळाला. तापमान ७४ ते ७८ च्या मध्ये राहिलं.

बाहेर काढून कोमट पाण्यात, मग साबणाच्या पाण्यात, पाणी स्वच्छ येईपर्यंत. सपाट फळीवर उलट्या ठेवून वाळवल्या. एकही वाकलेली नाही. प्रत्येक पट्टी सपाट काचेवर ठेवून पाहिली.

हा निळा किती जिवंत आहे! फवारलेला रंग पृष्ठभागावर थांबतो. इथे प्रकाश थोडा आत जाऊन परत येतो, म्हणून कडांवर किंचित उजळ आणि माथ्यावर खोल दिसतो. मूळ पट्टीची मंद चकाकी जशीच्या तशी आहे.

२४ नोव्हेंबर

घासण्याची तपासणी: पांढरं फडकं मिठाच्या पाण्यात थोडं व्हिनेगर घालून ओलं केलं (घामाच्या जवळ जाणारं मिश्रण) आणि जोरात घासलं. पहिल्या घासण्यात पुसट निळा डाग. सगळ्या पट्ट्या पुन्हा साबणाने धुतल्या. त्यानंतर फडकं स्वच्छ.

७ डिसेंबर

खिडकीतले नमुने उघडले. इंडिगोत झाकलेला आणि उघडा भाग यांतला फरक शोधावा लागतो. मरूनमध्ये शोधावा लागत नाही. उघडा भाग तपकिरीकडे गेला आहे आणि फिकटही झाला आहे.

मरूनमधला लाल घटक उन्हाला कच्चा निघाला. लाल रंगाची ही कहाणी वाद्यांच्या इतिहासात ठळक आहे. गिब्सनने १९५८ ते १९६० मध्ये लेस पॉल गिटारींवर चेरी-लाल कडेचा सनबर्स्ट (मधे उजळ, कडेकडे गडद होत जाणारा रंग) दिला. त्यातला लाल रंग उजेडात उडत गेला, आणि आज त्यातल्या अनेक गिटारी मधासारख्या, चहासारख्या, काही नुसत्या पिवळ्या दिसतात. तिथे प्रत्येक गिटारीला स्वतःचा चेहरा मिळाला. माझ्या बाबतीत उडणं परवडणारं नाही, कारण मरून फिकट झालं की बासचं सप्तक इंडिगोपेक्षा उजळ होईल आणि उजळपणाचा नियमच मोडेल.

उपाय: लाल कमी, निळा आणि थोडा काळा वाढवून गडद जांभळा. लाल उडाला तरी खालचा गडदपणा टिकेल. नवा नमुना खिडकीत.

रंगाचा पक्केपणा मोजण्यासाठी कापड उद्योगात आणि संग्रहालयांत ‘ब्लू वूल’ नावाची मोजणी वापरतात: १ ते ८ अशा पायऱ्यांच्या निळ्या लोकरीच्या पट्ट्या नमुन्याशेजारी उन्हात ठेवायच्या आणि कोणती पट्टी सोबतीने फिकी पडते ते पाहायचं. पुढच्या वेळी ती पट्टी आणूनच सुरुवात करणार.

२० डिसेंबर

जांभळा नमुना तग धरून आहे. सात पट्ट्या बुडवल्या, पद्धत तीच. सुकल्यावर इंडिगोशेजारी ठेवून कृष्णधवल फोटो काढला: सप्तकाची हद्द फोटोत दिसतच नाही. हेच हवं होतं.

एका मित्राला लाल-हिरवा भेद नीट दिसत नाही. त्याच्यापुढे पट्ट्या ठेवल्या. त्याला जांभळ्या आणि निळ्या जवळजवळ एकच वाटल्या. हे व्हायचंच होतं: जांभळ्यातला लाल काढला की निळाच उरतो. युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे ८ टक्के लोकांना लाल-हिरव्याचा भेद असा कमी दिसतो, तेव्हा हा प्रश्न एका मित्रापुरता नाही. म्हणून पट्ट्यांच्या मागे जी फेल्टची (दाबलेल्या लोकरीच्या कापडाची) चिंचोळी पट्टी येते तिच्यात दुसरी खूण घालायची: बासच्या सप्तकामागे फिकट पारवा फेल्ट, पुढे गडद. छटा न दिसणाऱ्यालाही उजेड-अंधार दिसेल. पियानोवर या जागी पूर्वापार लाल फेल्ट असतं. मला ते नेहमीच आवडत आलं आहे, पण इथे ते जांभळ्याशी भांडलं असतं.

२८ डिसेंबर

वरच्या पट्ट्या. फ्रेंच हार्पसिकॉर्डचीच युक्ती: अंग काळंच ठेवायचं, माथ्यावर फिकट पट्टी बसवायची.

हस्तिदंताचा विचारही नको. साइट्स या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या १९८९ च्या निर्णयाने आफ्रिकी हस्तिदंताचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद केला, आणि त्याच्या कितीतरी आधी पियानोवाले सेल्युलॉइडकडे आणि मग इतर प्लॅस्टिककडे वळले होते. जुन्या पियानोवर हस्तिदंत ओळखायची एक खूण आहे: पुढचा रुंद भाग आणि मागची शेपटी हे दोन तुकडे असतात, त्यांच्यामध्ये बारीक सांधा दिसतो. सेल्युलॉइडचा तुकडा एकसंध. फक्त सेल्युलॉइड झटकन पेट घेतं, तेव्हा जुन्या पट्ट्या घासताना कोणी ठिणगीजवळ बसू नये.

मी १ मिलिमीटर जाडीची मोतिया अॅक्रिलिक शीट घेतली. मेपलची पातळ पट्टीही करून पाहिली. सुंदर दिसते, पण घाम आणि तेल पिऊन ती काळवंडेल.

या पट्ट्या आतून पोकळ आहेत, माथ्याची भिंत साधारण २ मिलिमीटर. म्हणून माथा पूर्ण कापता येत नाही. काचेवर पॉलिशपेपर चिकटवून अर्धा मिलिमीटर घासला. वर १ मिलिमीटर चढलं, म्हणजे एकूण उंची अर्धा मिलिमीटर वाढली. हाताला कळत नाही. दोन्ही पृष्ठभाग खरवडून इपॉक्सी लावलं, कागदी टेपने बांधून रात्रभर ठेवलं.

मग कडा. अॅक्रिलिकची कापलेली कड धारदार असते आणि वरच्या पट्टीवरून बोट सतत घसरत उतरतं. कानसने ४५ अंशांत कड मारली, मग बारीक, मग आणखी बारीक पॉलिशपेपर, शेवटी फडक्यावर पेस्ट. माथा मात्र चकचकीत केला नाही, ४०० च्या पेपरवरच थांबवला. चकाकणारा माथा दिव्याचं प्रतिबिंब दाखवतो, आणि ते प्रतिबिंब सरकलं की पट्टी हलल्यासारखी भासते. शिवाय मॅट माथ्यावर घामेजलं बोट कमी घसरतं.

२५ पट्ट्यांचं हे काम सावकाश होणार आहे. घाई करण्यासारखं त्यात काही नाही.

११ जानेवारी

वरच्या पट्ट्या झाल्या. आता डबा: १२ मिलिमीटर बर्च प्लाय, बाजूच्या फळ्या जाड.

इथे एक स्वातंत्र्य आहे जे व्हायोलिन किंवा ध्वनिक गिटार करणाऱ्याला नसतं. त्यांच्या वाद्यात पातळ लाकूड स्वतः कंप पावतं, म्हणून वॉर्निशचा प्रत्येक थर वजन आणि ताठरपणा घेऊन येतो. रंग निवडताना आवाजाचा विचार सुटत नाही. माझ्या डब्यातून आवाज येत नाही. जाड थर चालेल, अपारदर्शक रंग चालेल.

वीजवाद्यांना हे आधीच उमगलं होतं. फेंडरने १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि १९६० च्या सुमारास मोटारींसाठीचे ड्यूपाँट कंपनीचे लॅकर (चकचकीत रंग) गिटारींवर आणले: फिएस्टा रेड फोर्ड थंडरबर्डचा, सॉनिक ब्लू आणि लेक प्लॅसिड ब्लू कॅडिलॅकचे. तोवर बहुतेक गिटारी लाकडाच्या रंगाच्या. त्यानंतर गिटार आकाशी, फिकट हिरवी, काहीही असू शकली. वुर्लिट्झरचा २०० मालिकेतला इलेक्ट्रिक पियानो काळ्याबरोबर बेज, गडद हिरव्या आणि लाल झाकणातही मिळायचा. रोलँडचा १९८२ चा एसएच-१०१ सिंथेसायझर करडा, लाल आणि निळा. याउलट पियानो आजही मुख्यतः काळा, आणि मला वाटतं हे नुकसान आहे. घरातली एवढी मोठी वस्तू, आणि तिच्या रंगाबद्दल कोणी विचारसुद्धा करत नाही.

माझा रंग अबोली. इंडिगो पट्ट्यांशेजारी तो ऊब देतो आणि मोतियाशी भांडत नाही. मोरपंखी आणि शेवाळी नमुनेही केले. मोरपंखीत पट्ट्या आणि डबा एकत्र मिसळून गेले, शेवाळीत जांभळ्या पट्ट्या मळकट दिसल्या. शेजारचा रंग बदलला की तोच जांभळा कसा बदलतो, हे नमुना समोर ठेवल्याशिवाय कल्पनेत येत नाही.

१८ जानेवारी

प्रायमर, घासणी, अबोलीचे पातळ थर.

पारदर्शक थर पाण्यावर चालणाऱ्या अॅक्रिलिक-पॉलियुरेथेनचा. नायट्रोसेल्युलोज लॅकर चढवायला सुरेख, पण काळानुसार पिवळं पडतं. म्हणूनच जुन्या पांढऱ्या गिटारी सायीच्या रंगाच्या होतात आणि फिकट निळ्या हिरवट. अबोलीवर पिवळा चढला तर ती विटकरीकडे जाईल. ती अबोलीच राहायला हवी.

१ फेब्रुवारी

जोडणी. पट्ट्या क्रमांकाने, स्प्रिंगा, नवं ग्रीस, मग फेल्ट. बासच्या मागे पारवा, पुढे गडद राखी. दोन फेल्टांचा सांधा बी आणि सीच्या फटीच्या अगदी रेषेत आणायला वेळ गेला, पण तो रेषेतच हवा.

पॅनेलवरची अक्षरं गडद इंडिगोत. अबोलीवर पांढरी अक्षरं गोड दिसतात, पण मंद दिव्यात वाचता येत नाहीत. नियम तोच.

१५ फेब्रुवारी

दोन आठवडे रोज वाजवून झालं. काही निरीक्षणं:

गडद खालच्या पट्ट्यांवर धूळ आणि बोटांचे ठसे पांढऱ्यांपेक्षा खूप जास्त दिसतात. वाजवून झालं की सुकं फडकं फिरवायची सवय लावून घेतली आहे.

उलट्या उजळपणाची सवय पहिल्या काही बैठकांत होते. सुरुवातीला लांब उड्या मारताना हात थबकायचा, आता नाही. त्याच वेळी पांढऱ्या पट्ट्यांच्या पियानोवरही वाजवत होतो. तिकडे काही बिघडलं नाही. हात गट ओळखतो, कोण गडद आणि कोण फिकट हे पटकन विसरतो.

जांभळी हद्द अपेक्षेपेक्षा जास्त कामाची आहे. डावा हात बासमधून वर सरकताना सीवर पोहोचला तर आवाज बदलतो. आता ती चूक होण्याआधीच दिसते. मित्राने वाजवून पाहिलं. त्याला छटा दिसत नाही, पण फेल्टचा फरक बसल्या जागेवरून दिसतो म्हणाला.

लाल, निळ्या, हिरव्या दिव्यांची तपासणी पुन्हा केली, या वेळी पूर्ण वाद्यावर. निळ्या दिव्यात फरक सगळ्यात कमी, तरी वाजवायला पुरेसा. लाल दिव्यात अबोली डबा जवळजवळ पांढरा होतो आणि खालच्या पट्ट्या काळ्याभोर. ते दृश्य मला फारच आवडलं.

एका वरच्या पट्टीची अॅक्रिलिक पट्टी मागच्या टोकाला किंचित उचलली आहे. इपॉक्सी तिथे कमी पोहोचलं असावं. उद्या ती काढून पुन्हा बसवायची, आणि उरलेल्या चोवीसही नखाने उचकून तपासायच्या. उन्हाच्या खिडकीतला जांभळा नमुना अजून तिथेच ठेवला आहे. तो उन्हाळा संपल्यावर उघडायचा.